आजी सांगू शकते तोवर

घरातली आजी गेली की वर्षश्राद्धाला एखादी छोटी पुस्तिका निघते, नाही तर वर्तमानपत्रात फोटोखाली चार ओळी येतात. तिच्या हातचे धपाटे, येसराची आमटी, तिने शिवलेली वाकळ, सुट्टी संपवून निघताना पदराच्या गाठीतून काढून दिलेला रुपया. ही माया खरी असते आणि ती लिहून ठेवायलाही हवी. पण थोडा हिशेब करून पाहा. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या बाईला चाळिशीच्या आसपास पहिले नातवंड होई, आणि ते कळते होईपर्यंत ती पंचेचाळीस-सत्तेचाळीसची झालेली असे. नव्वदीत गेलेल्या आजीचे निम्मे आयुष्य नातवंडांनी पाहिलेलेच नसते. त्यांना आठवते ती केस पिकलेली, हातात सत्ता आलेली, लाड करू शकणारी बाई. तिच्या आधीची मुलगी, नवी सून, दुष्काळात खडी फोडणारी मजूर, पहिल्यांदा मत द्यायला गेलेली मतदार, या सगळ्या जणी तिच्याबरोबरच जातात. म्हणून माझे म्हणणे असे की, आजीवर प्रेम असेल तर तिच्याविषयीचे आपले चार शब्द सावकाश लिहिता येतील. आधी तिचे स्वतःचे सांगणे, तिच्याच शब्दांत, ती सांगू शकते तोवर नोंदवून घ्या. त्याला एक रीत आहे, आणि ती कोणत्याही घराला जमण्यासारखी आहे.

छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालच्या मराठवाड्यात तर हे काम निकडीचे आहे. आज नव्वदीला टेकलेली बाई १९३५ च्या सुमाराची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा एकवीस, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा पंचवीस, बहात्तरच्या दुष्काळात सदतीस. गाव न सोडता तिने निजामाची राजवट, स्वतंत्र भारतातले हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार सरकारे पाहिली. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी आयुष्यातल्या इतर काळापेक्षा जास्त आठवतात, असे स्मरणशक्तीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. या आजीच्या बाबतीत ती वर्षे येतात १९४५ ते १९६५. म्हणजे तिला जे सर्वात लख्ख आठवते तोच या प्रदेशाच्या उलथापालथीचा काळ आहे. त्या काळाची राजकीय बाजू अनंत भालेरावांच्या ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या पुस्तकात सविस्तर वाचायला मिळते. पण निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार येणार अशी हाळी उठली की चूल कोण विझवी, धान्य कोणत्या बळदात लपवत, तरण्या पोरींना कोणाच्या माळवदावर नेऊन बसवत, हे बायकांनी पाहिले आणि बायकांपाशीच राहिले. १९५१ च्या जनगणनेत देशभरातल्या बायकांपैकी शंभरात जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होते. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असलेल्या संस्थानात, खेड्यातल्या मराठी मुलीच्या वाट्याला पाटी फार क्वचित आली. तिने स्वतः लिहून ठेवले असेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता रीत. ‘आजी, तुझा जन्म कोणत्या सालचा?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. तिला ते बहुधा माहीत नसते, आणि माहीत नसल्याची लाज वाटून ती पुढे बोलायलाही कचरते. कागदांवरही विसंबू नका. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी सरसकट १ जून ही तारीख घातलेली दिसते, आणि नुसते वय सांगून काढलेल्या आधार कार्डावर १ जानेवारी. त्यापेक्षा ज्याची तारीख पक्की ठाऊक आहे अशी सार्वजनिक घटना घ्या आणि ती तिच्या अंगाखांद्यावरच्या गोष्टींशी जोडून विचारा. ‘पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तू माहेरी होतीस का सासरी?’ ‘कडेवर लेकरू होतं का? कोणतं?’ ‘लग्नात बस्त्याला किती खर्च आला, आणि तो हाली रुपया होता का कलदार?’ हाली हा निजामाचा शिक्का, कलदार इंग्रजांचा. तिने हालीत भाव सांगितला तर गोष्ट १९५० च्या दशकाच्या अलीकडची नाही. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, म्हणजे आणे-पैचा हिशेब त्याच्या आधीचा, निदान त्याच्या आसपासचा. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामांवर सुकडी हे पौष्टिक खाणे वाटले जाई, म्हणून त्या काळासाठी एकच प्रश्न पुरतो: ‘कामावर सुकडी मिळायची ती तुझ्या कोणत्या लेकरांनी खाल्ली?’ या एका उत्तरातून तीन-चार मुलांच्या जन्मांचा क्रम उलगडतो. अशा घटना म्हणजे आठवणी अडकवायच्या खुंट्या. त्या प्रत्येक घराच्या वेगळ्या असतात, त्या आपल्या घराप्रमाणे निवडाव्यात. बौद्ध घरातल्या आजीला १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत काढलेले मिलिंद महाविद्यालय, १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा आणि १४ जानेवारी १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार यांवरून आपले वय मोजता येते. पैठण-गंगापूरकडच्या आजीला जायकवाडी धरणावरून, ज्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. महिना ठरवायला सण आणि जत्रा कामी येतात: नाथषष्ठी म्हटले की फाल्गुन, कर्णपुऱ्याची यात्रा म्हटले की नवरात्र, हुरडा म्हटले की ऐन थंडी. खुलताबादच्या उरुसावरून मात्र ऋतू ठरवू नका, कारण तो हिजरी महिन्याने येतो आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. उजवीकडे आजीचे आयुष्य आणि डावीकडे साले असे दोन रकाने एका वहीत आखून ठेवा. दोन-तीन बैठकांत ते आपोआप भरू लागतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर भरवसा काय ठेवायचा. एकच गोष्ट दर खेपेला वेगळी सांगतात. हे खरे आहे, आणि तारखांच्या बाबतीत तर फारच खरे आहे. खुंट्यांची रीत त्यासाठीच आहे. जनगणनेतही वय माहीत नसलेल्या माणसाचे वय ठरवताना प्रगणकांनी स्थानिक घटनांचा आधार घ्यावा अशी सूचना असते. पण चुकलेली आठवण टाकून द्यावी, हे मला मान्य नाही. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात मार्च १९४९ मध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात, लुइजी ट्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने गावातल्या वृद्ध कामगारांना विचारले, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे सांगितले. पोर्तेल्लीने ती चूक दुरुस्त करून विषय संपवला नाही. त्या मरणाला त्या लोकांनी आपल्या नोकऱ्या गेल्याच्या दुःखाशी का जोडले, हे त्याने त्या चुकीतूनच वाचले. आपल्याकडेही आजी म्हणेल की धरण आले आणि त्याच साली तुझे आजोबा गेले, आणि कागद सांगेल की मधे चार वर्षे होती. दोन्ही लिहा. तिचे वाक्य जसेच्या तसे, आणि शेजारी आपल्या हस्ताक्षरात कागदाचे साल. तिच्यासमोर मात्र ‘आजी, चुकतेयस तू’ असे चुकूनही म्हणू नका. एकदा चुकीची ठरलेली बाई पुढच्या बैठकीत फक्त खात्रीचे, म्हणजे फारच थोडे, बोलते.

दुसरा आक्षेप बहुधा आजीच घेते: ‘माझ्यात काय सांगण्यासारखं आहे गं?’ आणि घरातले पुरुष त्याला मान डोलावतात. याचे उत्तर मराठीच्या इतिहासात आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्या रचत गेल्या आणि घरातल्यांनी ते कागदावर उतरवले. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये कविता छापून आल्या. उतरवून घेणारे हात घरात नसते तर असोद्याची आणखी एक शेतकरीण गेली, एवढेच झाले असते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना शोधून त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. त्यातल्या किती तरी जणींना आपण विशेष काही केले असे वाटतच नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्याही अशाच ‘काही न येणाऱ्या’ बायकांकडून. बायकांचे नाव कागदावर न येण्याला तर आपल्याकडे मोठी परंपराच आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे मतदार यादीत राहू शकली नाहीत, कारण त्यांनी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख सांगितली होती. त्यातल्या बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातल्या होत्या, तरी रीत ओळखीची आहे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आजीचे माहेरचे पूर्ण नाव, लग्नात नाव बदलले असेल तर दोन्ही नावे, तिच्या आईचे नाव आणि आईचे माहेर लिहा. आपल्या वंशावळीत ही शाखा कुठेच नसते, आणि दोन पिढ्यांनी ती कोणालाही सांगता येत नाही.

बसायचे कसे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण सगळे त्यावर ठरते. सकाळची कामे आटोपल्यावर किंवा दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावर बसा; पाऊण तासाच्या पुढे ताणू नका. ज्या कानाने नीट ऐकू येते त्या बाजूला बसा. कूलर बंद करा, दूरदर्शन बंद करा, मोबाइल विमान मोडवर टाकून ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि आधी आपल्या तोंडाने दिनांक, ठिकाण आणि कोण-कोण हजर आहे ते सांगा. मुलगे शक्यतो खोलीत नकोत. ते आईच्या वतीने उत्तरे देतात आणि आई गप्प होते. नात विचारते तेव्हा आजी बाळंतपणाचे बोलेल, नातू विचारतो तेव्हा शेताचे आणि भावकीचे. जमल्यास दोघांनी वेगवेगळ्या दिवशी बसावे. ‘तुझं आयुष्य कसं गेलं’ असला मोठा प्रश्न विचारला की ‘गेलं बाबा बरं’ एवढेच उत्तर येते. कामाचे विचारा, कारण काम तिच्या हाताला आठवते. जात्याचा खुंटा कसा धरायचा ते दाखव म्हणा. ती हवेत हात फिरवील आणि फिरवता फिरवता सांगेल की किती घासाला पीठ भरड येते, समोर कोण बसायची, पहाटे किती वाजता उठायच्या, जात्याला टाकी लावायला गावात कोण यायचे आणि त्याला मजुरी म्हणून काय द्यायच्या. मग एखादी ओवी आपोआप येते. ती अर्धवट आली तरी तोडू नका, आणि मुद्रण ऐकून ती जशी म्हटली तशीच लिहा. तिची बोलीसुद्धा सुधारू नका. ‘व्हतं’ला ‘होतं’ केले की तिचा आवाज जातो. दखनी बोलणारी दादी किंवा नानी असेल तर तिचे वाक्यही तसेच्या तसे देवनागरीत उतरवा. ज्यांचे गाव जायकवाडीच्या नाथसागरात बुडाले त्यांच्याकडे एक काम आवर्जून करा: मोठा कागद पुढ्यात ठेवा आणि वेस, मारुतीचे देऊळ, आड, पार, मशीद, गिरणी, कोणाचे घर कोणाला लागून होते, हे तिच्या सांगण्याप्रमाणे काढत जा. अशा गावाची भूमापनाची आकृती सरकारदरबारी मिळेल, पण पाणी भरायला जाताना कोणत्या आळीतून जायचे आणि कोणती टाळायची, हे त्यात नसते. आळ्या जातीप्रमाणे होत्या. ते सांगताना आजी अडखळेल, आणि तिथे घाई न करता थांबणे हेच तुमचे काम.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे: जुन्या जखमा उकरून काढू नयेत. मराठवाड्यात तो पोकळ नाही. रझाकारांचे अत्याचार हिंदू घरांनी सोसले, आणि पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, ज्यांची चौकशी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली होती. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर दलित वस्त्या जाळल्या गेल्या. शिवाय प्रत्येक घराची आपली दुःखे आहेतच: नवव्या-दहाव्या वर्षी झालेले लग्न, गेलेली लेकरे, सवत. बालविवाहावरचा १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, निजामाच्या मुलखात तो लागू नव्हता, हे लक्षात घेतले तर या आज्या किती लहान वयात सासरी गेल्या याचा अंदाज येतो. तरीही गप्प बसवणे हा उपाय नाही. म्हातारपणी मागे वळून पाहणे हे बुद्धी ढळल्याचे लक्षण मानले जात असताना, रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली मांडले की ते त्या वयाचे स्वाभाविक आणि गरजेचे काम आहे. काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र पूर्णपणे तिचा. सुरुवातीलाच सांगा की जे नको ते सोडून दे, आणि सांगितल्यावर ‘हे लिहू नको’ म्हणालीस तर मी पुसेन. आणि खरेच पुसा. रडू आले तर यंत्र बंद करा, पाणी द्या, त्या दिवसापुरता विषय सोडा. स्वतःहून दुसऱ्यांदा त्यावर आली तर ऐका. बारा दिवस झोप उडेल इतके काही वर येत असेल, तर ते काम नातवंडाचे राहत नाही. तिच्या डॉक्टरांशी बोला. जमिनीच्या वाटणीचे, सोन्याचे बोलणे आले तर ते वेगळ्या फायलीत ठेवा, नाही तर उद्या भावकीच्या भांडणात आजीचा आवाज पुरावा म्हणून फिरवला जाईल.

ध्वनिमुद्रण झाल्यावर आठवड्याच्या आत ते कागदावर उतरवा, कारण न कळलेला शब्द विचारायला तेव्हाच ती समोर असते. फायलीच्या नावात दिनांक आणि आजीचे नाव घाला, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवा: एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर कपाटात, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. व्हॉट्सॲपवरच्या गटात टाकलेली प्रत ही जपून ठेवलेली प्रत नव्हे; फोन बदलला की ती गेली. जुन्या फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून क्रमाने नावे लिहा. शाईचा पेन नको. मग तिचे सांगणे कागदांशी लावून पाहा. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी, म्हणजे जमिनीची नोंद, तहसील कार्यालयातून मिळते. त्यात बाईचे नाव बहुधा विधवा म्हणून, नवऱ्याच्या नावाआधी ‘भ्र.’ (भ्रतार) लावून आलेले असते, तेव्हा ते अक्षर शोधत जा. त्याआधीचे कागद उर्दूत आणि फसली सनात असतात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास मिळते. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते पोलीस ॲक्शनपर्यंतचे वर्ष. उर्दू वाचता येत नसेल तर शहरात वाचून देणारी जुनी माणसे अजून आहेत, शेजारच्या मोहल्ल्यात विचारा. जालन्याकडची आजी असेल तर लक्षात ठेवा की जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. तिच्या तरुणपणाचे कागद औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाने निघतील. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही गाव आणि आडनाव सांगितले तर यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. आणि उतरवलेले सगळे एकदा आजीला वाचून दाखवा. ती निम्म्या ठिकाणी ‘असं नाही म्हटलं मी’ म्हणेल. त्या दुरुस्त्या तिच्या आहेत, त्या करा.

ज्यांची आजी आधीच गेली आहे त्यांनी हळहळत बसू नये. तिची धाकटी बहीण, नणंद, जाऊ, शेजारीण, तिच्याबरोबर कामावर जाणारी एखादी बाई कुठे ना कुठे हयात असते. दिवाळीत किंवा नाथषष्ठीला गावी जाणे होतेच, तेव्हा वरची दोन रकान्यांची वही घेऊन तिच्याकडे जा. ‘आमची आजी तरुणपणी कशी होती’ असे विचारण्यापेक्षा ‘तुम्ही दोघी दुष्काळात कोणत्या कामावर होतात, हजेरी कोण घ्यायचं’ असे विचारा. त्या बाईचे नाव, माहेर आणि वयही लिहून घ्या, कारण आजीचे सांगता सांगता ती स्वतःचेही सांगू लागते, आणि तिच्या नातवंडांनी ते अजून विचारलेले नसेल. त्यांना त्या मुद्रणाची एक प्रत द्या.